नळाच्या पाण्याची परीक्षा

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही 'नळाचे पाणी' असे कळविले. त्यावर त्यांच्यातील एका वृद्ध गृहस्थांनी हसत विचारले, "अहो, बोनस आणि महागाईभत्ता सोडून तुम्ही पाण्यात कोठे उतरलात?" प्रश्न रास्त होता. आमचे शालेय शिक्षण नववीत आटोपले. रसायनशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही आणि प्रयोगशाळेत आम्ही गेलो ते नेहमी पाहुणे म्हणूनच. पाणीखात्यातील फिटर, पंपचालक, चावीवाले यांच्या संघटनेचे काम करीत असताना, त्यांची मागणीपत्रके लिहिता लिहिता जे कानावर पडले, आणि ते खरे की खोटे हे पडताळण्यासाठी जी पुस्तके चाळली, तेवढीच आमची शिदोरी. ती येथे सोडण्याचे कारण एका जुन्या प्रसंगात आहे, म्हणून तो आधी सांगतो.

१९९७ सालची गोष्ट. युनियनच्या कचेरीत आम्ही तेव्हा नवखेच होतो. एका औद्योगिक गावी, कारखान्याच्या मागच्या चाळींत, मे महिन्याच्या अखेरीस कावीळ सुरू झाली. प्रथम दोन घरी, मग ओळीने. उन्हाळ्यात असे चालायचेच, बर्फाचे गोळे आणि उसाचा रस बाधला असेल, असे लोक म्हणाले. कोणी गळ्यात काविळीची माळ घातली, कोणी हाताला चुना चोळून कावीळ 'उतरवून' आणली. आमच्या एका सभासदाची सून सहा महिन्यांची गरोदर होती. ती नऊ दिवसांत गेली. दुसऱ्या दिवशी सगळी चाळ नगरपालिकेच्या दारात उभी राहिली. शिष्टमंडळ आत गेले, तेव्हा आमच्या हाती एक कागद ठेवण्यात आला. त्यावर प्रयोगशाळेचा शिक्का होता आणि खाली शेरा होता : 'पाणी पिण्यास योग्य'.

तो कागद खोटा असता तर आमचे काम सोपे होते. खोट्या कागदाशी कसे भांडावे हे युनियनच्या माणसाला शिकवावे लागत नाही. पण कागद खरा होता, आणि बाई गेली हेही खरे होते. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे आम्हांला उमजेना. परतताना आमच्याबरोबर पाणीखात्यातला एक म्हातारा फिटर होता, सगळे त्याला अण्णा म्हणत. तो म्हणाला, "भाऊ, पाणी चांगलं का वाईट हे मागनं विचारा. आधी बाटली कुठं भरली ते विचारा." आम्ही तसेच मागे फिरलो आणि विचारले. बाटली शुद्धीकरण केंद्राच्या आवारातील नळावर भरलेली होती. तेथून चाळ सात किलोमीटर.

अण्णांचा तो प्रश्न तेव्हापासून आमच्या डोक्यातून गेलेला नाही. या लेखात जे काही आहे ते त्या प्रश्नाच्या आजूबाजूचेच आहे.

पाण्याची परीक्षा हे प्रकरण मुळात सुरू झाले ते माणसे मेल्यामुळे. जर्मनीत एल्ब नदीच्या काठी हँबुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे अगदी एकमेकांना चिकटून होती. दोन्ही शहरे त्याच नदीचे पाणी पीत. हँबुर्ग हे श्रीमंत बंदर, पण ते नदीचे पाणी न गाळताच नळाला सोडी. आल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगाला. म्हणजे हँबुर्गची सगळी घाण पोटात घेऊन नदी तेथे येई. परंतु आल्टोनाकरांनी वाळूच्या थरांतून पाणी हळूहळू गाळण्याची व्यवस्था केली होती. १८९२ साली पटकी आली. हँबुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे दगावली. आल्टोनात त्या मानाने फारच थोडी. हद्दीवरच्या रस्त्याच्या एका बाजूला पटकी आणि दुसऱ्या बाजूला नाही, असा प्रकार दिसून आला. हँबुर्गच्या हद्दीत असूनही एका वाड्याला आल्टोनाच्या नळाचे पाणी होते. त्या वाड्यात पटकी शिरली नाही. रॉबर्ट कॉख या जंतुशास्त्रज्ञाने हे सर्व बारकाईने तपासले आणि गाळलेल्या पाण्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये शंभराहून कमी जंतू असावेत, अशी कसोटी सांगितली. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी आकड्याने तपासण्याची रीत अशी रुळत गेली.

पुढे प्रश्न आला की जंतू मोजायचे, पण कोणते? पाण्यात असंख्य जंतू असतात आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. उलट पटकीचा, विषमज्वराचा, हगवणीचा, काविळीचा असे एकेक शोधत बसावे तर वेळ आणि पैसा दोन्ही पुरायचे नाहीत. यावर जी युक्ती काढली गेली ती आम्हांला फार शहाणपणाची वाटते. कारखान्यात परका माणूस शिरला की काय हे पाहण्यासाठी आतल्या दोन हजार माणसांचे चेहरे तपासावे लागत नाहीत. मागच्या दाराचे कुलूप तुटले आहे का एवढे पाहिले की पुरते. पाण्याच्या बाबतीत हे कुलूप म्हणजे 'ई. कोलाय' नावाचा जंतू. थिओडोर एशेरिश या वैद्याने १८८५ साली तो प्रथम वर्णिला. हा जंतू माणसाच्या व उष्ण रक्ताच्या जनावरांच्या आतड्यांत वस्ती करतो, विष्ठेवाटे अफाट संख्येने बाहेर पडतो आणि एरवी स्वच्छ पाण्यात त्याला काही काम नसते. तो सापडला याचा अर्थ पाण्यात कोठेतरी मैला मिसळला. आणि मैला जेथून आला तेथून रोगही येऊ शकतो. आपल्या देशाचे पिण्याच्या पाण्याचे जे मानक आहे, आयएस १०५००, त्यात म्हणूनच ई. कोलायला 'थोडा चालेल' अशी सवलत नाही. कोणत्याही १०० मिलिलिटर नमुन्यात तो मुळीच आढळता कामा नये, असे ते सांगते.

आता ही बाटली भरतात कशी ते पाहा. हे काम आम्ही अनेकदा जवळ उभे राहून पाहिले आहे. बाटली काचेची, निर्जंतुक केलेली, तोंडाला कागद बांधलेली असते. तिच्यात आधीच सोडियम थायोसल्फेटचे चार थेंब घातलेले असतात. त्यांचे काम असे की पाण्यात जो क्लोरीन असेल तो तेथल्या तेथे थांबवायचा. नाहीतर बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन आत जंतू मारीत बसेल, आणि ग्राहकाच्या पेल्यात जे गेले त्यापेक्षा अधिक चांगले पाणी कागदावर उतरेल. नळाचे तोंड पुसून, ज्योतीने शेकून, दोन-तीन मिनिटे धार सोडून, मग बाटली भरायची. काठोकाठ नाही, वर थोडी जागा ठेवून. बुचाच्या आतल्या अंगाला बोट लावायचे नाही. मग बर्फाच्या पेटीत ठेवून शक्य तितक्या लवकर, आणि फार तर चोवीस तासांत, ती प्रयोगशाळेत गेली पाहिजे. आता मे महिन्यात, एस. टी. च्या टपावर, बर्फाशिवाय गेलेल्या बाटल्याही आम्ही पाहिल्या आहेत. त्यांचा अहवाल काय आला हे विचारण्यात अर्थ नव्हता.

प्रयोगशाळेत ते पाणी ठरावीक मापाने काही परीक्षानळ्यांत घालतात. नळ्यांत जंतूंना आवडणारे एक जांभळे द्रावण असते आणि आत एक छोटी नळी उलटी ठेवलेली असते. अंगाच्या उष्णतेइतक्या, ३७ अंशांच्या उबेत, एक-दोन दिवस ठेवायचे. या जातीचे जंतू असले तर द्रावण पिवळे पडते आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. मग त्यातला थोडा भाग पुन्हा ४४ अंशांवर ठेवून खात्री करावयाची. म्हणजे पक्का निकाल हाती यायला दोन ते चार दिवस. तोवर ते पाणी पिऊन झाले, त्याचा चहा झाला, त्यात तान्ह्या मुलाचे दूध कालवले गेले. तेव्हा ही तपासणी म्हणजे काही वाटेतले पाणी अडवणारा पहारेकरी नव्हे. जे होऊन गेले त्याचा तो पंचनामा असतो. पंचनाम्याची किंमत आम्ही कमी मानीत नाही. पण पंचनाम्याने चोरी टळत नाही.

शिवाय बाटल्या किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे पाच हजारांपासून एक लाखापर्यंत वस्तीच्या गावी दर पाच हजार लोकांमागे महिन्याला एक नमुना घ्यावा. म्हणजे एक लाखाच्या गावाला महिन्याला वीस. प्रत्येक नमुन्यातले शंभर मिलिलिटर पाणी तपासले, तर वीस नमुन्यांचे मिळून दोन लिटर. आता दुसरी बाजू मांडा. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर एका लाखाच्या गावाला रोज एक कोटी पस्तीस लाख लिटर पाणी लागते, महिन्याचे चाळीस कोटी लिटर. दोन लिटरांनी चाळीस कोटी लिटरांविषयी बोलायचे! हा हिशेब आम्ही तपासणी निरुपयोगी ठरवण्यासाठी मांडीत नाही. ते दोन लिटर नेमके कोठून घेतले, यावर केवढे ओझे आहे हे दिसावे एवढ्याचसाठी मांडला. विसाच्या वीस बाटल्या केंद्राच्या आवारात भरल्या तर अहवाल बाराही महिने उत्तम येईल. त्यांतल्या बारा बाटल्या वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, खोलगट वस्तीत, झोपडपट्टीच्या सार्वजनिक नळावर भरल्या, तर तोच विभाग आणि तेच पाणी असूनही कागद निराळा दिसेल.

याचे कारण जमिनीखाली आहे. आपल्याकडे बहुतेक गावी पाणी ठरावीक वेळीच येते. कोठे रोज एक तास, कोठे एक दिवसाआड, आणि या दिवसांत तर कोठे आठवड्यातून एकदा. पाणी चालू असते तेव्हा नळ भरलेला असतो, आतून दाब असतो, आणि कोठे फट असली तर पाणी बाहेर जाते. याला आपण गळती म्हणतो आणि वाया गेलेल्या पाण्याबद्दल हळहळतो. पण चावीवाल्याने चावी फिरवली की नळ रिकामा होऊ लागतो, आणि रिकाम्या होणाऱ्या नळात ओढ निर्माण होते. मघाशी ज्या फटीतून पाणी बाहेर जात होते, त्याच फटीतून आता बाहेरचे आत येते. बाहेर काय आहे? नळाशेजारून जाणारे गटार, तुंबलेली मोरी, शौचकूपाच्या खड्ड्याचा झिरपा. गंजलेली घरगुती जोडणी तर कित्येकदा गटारातूनच ओलांडून नेलेली असते, कारण तोच जवळचा रस्ता. यात भर म्हणजे नळाला थेट लावलेली मोटार. शेजाऱ्याच्या आधी आपली टाकी भरावी म्हणून ती लावतात, आणि ती पाण्याबरोबर फटीतली घाणही ओढून घेते. आमच्या श्रोत्यांपैकी किती जणांच्या घरी ती आहे हे आम्ही विचारणार नाही. हात वर झाले तर मंडप लहान पडेल.

हा केवळ फिटर लोकांचा तर्क नव्हे. हुबळी-धारवाडात काही वॉर्डांना चोवीस तास पाणी मिळू लागले आणि बाकीचे जुन्याच पद्धतीने, काही दिवसांनी एकदा मिळणाऱ्या पाण्यावर राहिले. पाण्याचा उगम तोच आणि शुद्धीकरणही तेच. संशोधकांनी दोन्हीकडचे नळ तपासले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की सतत पाणी असलेल्या नळांच्या नमुन्यांत ई. कोलाय शेकडा एकाहूनही कमी वेळा सापडला, तर थांबून थांबून येणाऱ्या नळांच्या नमुन्यांत शेकडा तिसाहून अधिक वेळा. उगमाशी जे पाणी एकच होते त्याचे वाटेत दोन प्रकार झाले. आमच्या चाळीतही हेच घडले होते. साथ ओसरल्यावर अण्णांनी आणि आणखी दोघांनी चाळीमागचा चर खणला, तेव्हा गटाराच्या तळाशी नळाचा सांधा सापडला. त्याच्या भोवती गुंडाळलेले सुतळीचे वेटोळे बोटाने ओढताच निघून आले.

मग करायचे काय? चोवीस तास पाणी हा खरा उपाय आहे, आणि तो केवळ मोठ्या शहरांच्याच आवाक्यातला आहे असेही नाही. कराडजवळच्या मलकापूरने तो करून दाखवला. पण तो सगळीकडे येईपर्यंत एक राखणदार आपल्यापाशी आहे. तो म्हणजे क्लोरीन.

क्लोरीनविषयी पुष्कळांचा असा समज आहे की केंद्रात तो घातला, जंतू मेले, काम झाले. तसे नाही. पाण्यात जी काही घाण असेल ती आधी क्लोरीन खाते. ती सगळी खाऊन संपली, निदान अर्धा तास गेला, आणि तरीही जो थोडा क्लोरीन शिल्लक राहिला, तो नळातून पुढे चालू लागतो. वाटेत घाण शिरली तर तिच्याशी झगडण्याची जबाबदारी या शिलकी क्लोरीनवर असते. मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी तो लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि विषाणूंचा धोका असेल तेव्हा निदान ०.५. गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात ०.२ ग्रॅम, म्हणजे मिठाची एक लहान चिमूट.

या शिलकेचा मोठा गुण असा की ती मोजायला दोन दिवस लागत नाहीत. दोन मिनिटे लागतात. आपल्या खेड्यापाड्यांत 'ओ. टी. टेस्ट' म्हणून जी प्रसिद्ध आहे तीत परीक्षानळीतल्या पाण्यात ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. हे द्रव्य हाताळायला चांगले नाही, म्हणून आता डीपीडी नावाच्या गोळीची पद्धत अधिक बरी मानतात. तीत गुलाबी रंग येतो. पेटीवर रंगांचे नमुने छापलेले असतात, त्यांच्याशी ताडून पाहायचे. दहावीतल्या मुलाला एका दुपारी शिकवता येते. फक्त एक पथ्य आहे : रंग आला की तो लगेच वाचायचा. नळी हातात धरून गप्पा मारीत बसले तर रंग चढत जातो, आणि चढलेल्या रंगाचे समाधान फसवे असते.

रंग आलाच नाही तर? मग दोनच शक्यता. वाटेत घाण शिरून तिने क्लोरीन खाल्ला, किंवा मुळात तो पुरेसा घातलाच नव्हता. दुसऱ्या शक्यतेविषयी थोडे सांगतो, कारण त्यात आमची माणसे गुंतलेली आहेत. लहान गावी क्लोरीन मिळतो तो टी. सी. एल. पावडरच्या रूपाने. ताज्या पावडरीत कामाचा क्लोरीन साधारण शेकडा ३३ असतो. एक लाख लिटरच्या टाकीत लिटरला एक मिलिग्रॅम या प्रमाणात क्लोरीन घालायचा तर शंभर ग्रॅम लागतो. त्यासाठी तीनशे ग्रॅम पावडर. पण तीच गोणी पत्र्याच्या शेडमध्ये, तोंड उघडे ठेवून, दोन उन्हाळे पडून राहिली तर तिचा जोर उडून जातो. तो निम्म्यावर आला की तितक्याच कामाला सहाशे ग्रॅम पावडर लागेल. पंपचालकाला मात्र सांगितलेले असते, 'रोज एक डबा टाक'. तो इमानाने एक डबा टाकतो. त्याला पावडरीचा जोर कोणी सांगितलेला नसतो, वजनकाटा दिलेला नसतो आणि नाकाला लावायला फडकेही तो घरचेच आणतो. साथ आली की निलंबित होतो तोही तोच. गोणी केव्हा खरेदी झाली हे पाहण्याची कोणाला आठवण होत नाही.

आणखी एक गोष्ट या ओघात सांगून टाकतो. गावातली नळवाहिनी कोठून कोठे जाते याचा नकाशा नगरपालिकेच्या कपाटात असतो, पण तो बहुधा जुना असतो. खरा नकाशा अण्णांसारख्यांच्या डोक्यात असतो. कोणती चावी उलटी फिरते, कोणत्या वळणावर पाइप गटाराखालून गेला आहे, कोठे तात्पुरता म्हणून घातलेला जोड पंधरा वर्षे तसाच आहे, हे त्यांना ठाऊक असते. आता अण्णा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ठेकेदाराचा माणूस आला, जो अकरा महिन्यांनी बदलतो. आम्ही युनियनवाले, तेव्हा हे आमचे म्हणणे पक्षपाती आहे असे कोणी म्हणेल. म्हणोत. चर खणताना ज्याला खणायची जागा दाखवता येते तो माणूस आम्हांला हवा आहे.

क्लोरीनची एवढी स्तुती केल्यावर त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती सांगायला दिल्लीच्या साथीइतके दुसरे बोलके उदाहरण नाही. दिल्लीला यमुनेचे पाणी वजिराबाद येथून उचलले जाई. नजफगढचा नाला, शहराचा मैला घेऊन, त्या जागेच्या किंचित खाली नदीला मिळे. १९५५ च्या नोव्हेंबरात नदीने पात्र बदलले आणि नाल्याचे पाणी उलटे सरकून थेट पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले. केंद्रातील मंडळींच्या हे लक्षात आले. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. विषमज्वर वाढला नाही, हगवणही वाढली नाही. तेव्हा संकट टळले असेच वाटले असावे. आणि पाच-सहा आठवड्यांनी, डिसेंबर व जानेवारीत, काविळीचा वणवा पेटला. डोळे पिवळे झालेले सुमारे २९,००० रुग्ण त्या एका साथीत मोजले गेले. गरोदर स्त्रिया इतरांपेक्षा कितीतरी अधिक दगावल्या.

काय झाले होते? इतका मैला मिसळलेल्या पाण्यात क्लोरीनचा मोठा भाग घाणीशी लढण्यातच खर्ची पडला. जो उरला त्याला नेहमीचे जंतू आवरले, पण विषाणू आवरले नाहीत. म्हणजे कुलूप शाबूत दिसत होते आणि चोर तरीही आत होता. हा विषाणू कोणता, हे कळायला आणखी पाव शतक लागले. त्या साथीतील रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तद्रव पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील व अमेरिकेतील संशोधकांनी तपासले आणि १९८० साली सांगितले की ही नेहमीची 'अ' कावीळ नव्हती. पुढे बालायन नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने, अफगाणिस्तानातील सैनिकांत अशीच साथ आली असता, रुग्णांच्या विष्ठेचा अर्क दह्यात कालवून स्वतः घेतला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि आपल्याच मैल्यात तो विषाणू पाहिला. १९८३ साली हे प्रसिद्ध झाले. आज त्याला आपण 'ई' कावीळ म्हणतो. २०१२ साली इचलकरंजीत आणि २०१५-१६ मध्ये सिमल्यात पाण्यावाटे पसरली ती हीच. आमच्या त्या सभासदाची सून गेली तीही बहुधा हिनेच. तेव्हा तिचे रक्त तपासायला कोणी घेतले नाही.

म्हणून पाणी गढूळ आले, त्याला वास आला, किंवा वस्तीत कावीळ दिसली, तर गुलाबी रंगावर विसंबू नये. पाणी खळखळून उकळावे. गरोदर बाई घरात असेल तर उकळलेल्या पाण्यावाचून तिला दुसरे देऊच नये. एरवीही पाणी आल्याबरोबरची पहिली धार पिण्यासाठी भरू नये. ती फरशीला, झाडांना जाऊ द्यावी.

पाण्यातील रसायनांचा विषय मोठा आहे, आणि तो आम्ही येथे मुद्दाम आखूड केला आहे. विदर्भ-मराठवाड्यातील काही कूपनलिकांत फ्लोराइड मर्यादेबाहेर असते, खतांच्या पट्ट्यात नायट्रेट वाढते, हे खरे. अमेरिकेत फ्लिंट गावी २०१४ साली पैसे वाचवण्यासाठी नदी बदलली, नव्या पाण्याला नळ न कुरतडण्याचे औषध घातले नाही, आणि जुन्या जोडण्यांतले शिसे मुलांच्या पोटात गेले, हेही खरे. परंतु रसायन वर्षानुवर्षे साठत घात करते, मैला एका रात्रीत. रसायनासाठी वर्षातून एक-दोनदा पूर्ण तपासणी करावी. नळाच्या टोकाला क्लोरीन मात्र रोज पाहिला पाहिजे. काही जण म्हणतील, आमच्या घरी यंत्र बसवले आहे. बसवले असेल तर चांगलेच. पण तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या घरी ते नाही, आणि तुमची मुले ज्या शाळेत पाणी पितात तेथे ते चालू आहे का, हे पाहून या.

नगरपालिकेकडे मागावयाचे ते अवघड नाही. नमुना कोणत्या नळावर, कोणत्या वेळी घेतला आणि त्या वेळी क्लोरीन किती होता, याची नोंदवही असते. ती २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली कोणालाही पाहता येते. आम्ही अशा वह्या पाहिल्या आहेत. एका वहीत सबंध महिनाभर, एकतीसही दिवस, दहाही ठिकाणी ०.५ हाच आकडा होता, आणि एकाच पेनाने.

व्याख्यानाच्या दिवशी आम्ही क्लोरीनची पेटी बरोबर नेली होती. समारोपानंतर बरीच मंडळी थांबली. मंडपामागच्या शाळेच्या नळाचे पाणी एका मुलीने परीक्षानळीत घेतले, गोळी टाकली, ०.२ ला पोहोचेल न पोहोचेल असा फिकट गुलाबी रंग आला. जलकुंभाच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका गृहस्थांनी धावत जाऊन घरच्या नळाचे पाणी आणले, ते चांगले रंगले. मग एक बाई पुढे आल्या. त्या गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी राहतात. व्याख्यानाचा विषय वाचून त्यांनी सकाळचे पाणी पितळी तांब्यात झाकून आणले होते. नळीत रंगाचा मागमूस नव्हता. आम्ही त्यांना सांगितले की हा पुरावा होत नाही. दिवसभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडूनही जातो, नळाशीच तपासले पाहिजे. त्यांनी नळी दिव्याच्या उजेडाकडे धरून पुन्हा एकदा पाहिली. दुसऱ्या रांगेत पाणीखात्याचे एक तरुण अभियंते बसले होते, ते उठून जवळ आले.

"तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं, ताई?"

"साडेपाचला. पंचवीस मिनिटं असतं."

"मी सव्वापाचला येतो," ते म्हणाले आणि पेटी उद्यापुरती आमच्याकडून मागून घेतली.